एफएमचे मालक बदलत गेले, वसई तालुक्याची खबर मात्र कुणाच्याच यादीत नाही

जूचंद्र (ता. वसई) : रिक्षात, सलूनमध्ये, हायवेच्या ढाब्यावर मुंबईचं १०४.८ एफएम वाजत असतं, त्याची गोष्ट आधी ऐका. २००७ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव 'म्याऊ' होतं. बायकांसाठी गप्पांचं स्टेशन अशी त्याची ओळख होती. काही वर्षांनी तेच स्टेशन 'ओये' झालं. गप्पा गेल्या, हिंदी फिल्मी गाणी आली. त्यानंतर 'इश्क' झालं, म्हणजे प्रेमाची गाणी. आणि जानेवारी २०२५ मध्ये टीव्ही टुडे या मालक कंपनीने रेडिओचा धंदाच बंद करायचा निर्णय जाहीर केला. पुढे बंद करण्यापेक्षा विकायचा मार्ग धरला. आकडा तोच राहिला, १०४.८. ऐकणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

हे एकाच स्टेशनचं झालं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. पण मुंबईच्या एफएमवर गेल्या वीस-बावीस वर्षांत मालकीची एवढी उलथापालथ झाली आहे की सातबाऱ्याच्या फेरफाराची वही कमी पडावी. मिड-डे गटाने २००२ मध्ये 'गो ९२.५' हे इंग्रजी वळणाचं स्टेशन काढलं. त्याचं पुढे ९४.३ वर 'रेडिओ वन' झालं. २०१९ मध्ये त्या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा एचटी मीडियाने घेतला. एचटीचं मुंबईत आधीच 'फीवर १०४' होतं, शिवाय जुन्या गाण्यांचं 'रेडिओ नशा ९१.९' होतं. म्हणजे आपण बटण फिरवून तीन वेगळी स्टेशनं लावतो असं वाटायचं, पण तिन्हीमागे घर एकच. 'रेड एफएम ९३.५' इंडिया टुडे गटाने सुरू केलं आणि चार-पाच वर्षांत विकलं. नंतर त्याच गटाने १०४.८ घेतलं, तेही आता सोडलं. 'रेडिओ सिटी'ला सुरुवातीला स्टारचं पाठबळ होतं, २०१५ पासून ते हिंदी पेपरवाल्या जागरण गटाकडे आहे.

सगळ्यात बोलकं प्रकरण 'बिग ९२.७'चं. २००६ मध्ये अनिल अंबानींच्या गटाने ते सुरू केलं आणि देशभर अठ्ठावन्न स्टेशनांपर्यंत नेलं. २०१९ मध्ये जागरणच्या रेडिओ कंपनीने ते १,०५० कोटी रुपयांना घ्यायचं जाहीर केलं होतं. तो व्यवहार काही पुरा झाला नाही. २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली आणि मे २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने सफायर मीडिया या कंपनीची योजना मंजूर केली, सुमारे २६१ कोटींची. पाच वर्षांत हजार कोटींची वस्तू पाव किमतीवर आली. आपल्याकडे जमिनीचा भाव असा कधी उतरत नाही, म्हणून हा आकडा नीट बघा. रेडिओच्या धंद्याची आज काय पत आहे ते त्यावरून कळतं. 'मिरची'वाल्यांनी तर नावातला 'रेडिओ' हा शब्दच काढून टाकला.

आता प्रश्न असा की मालक कोण आहे याच्याशी जूचंद्रच्या, चंद्रपाड्याच्या, राजावलीच्या माणसाचा संबंध काय? गाणी लागली की झालं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. संबंध आहे, आणि तो पैशाच्या हिशेबातून येतो.

२०१५ मध्ये सरकारने एफएमच्या तिसऱ्या टप्प्याचा लिलाव केला. मुंबईची एक फ्रिक्वेन्सी १२० कोटींच्या वर गेली. हा परवाना पंधरा वर्षांचा. साधा भागाकार करा. वर्षाला आठ कोटी, म्हणजे दिवसाला दोन लाखांच्या वर. स्टुडिओचं भाडं, टॉवरचा खर्च, लाइट बिल, आरजेचा पगार आणि गाण्यांची रॉयल्टी यानंतर. त्याशिवाय दर वर्षी सरकारला फी द्यायची ती वेगळीच. एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा लिलावात त्या शहराचा जो भाव निघाला त्याच्या अडीच टक्के, यातली जी रक्कम मोठी ती. म्हणजे जाहिराती आल्या नाहीत तरी हप्ता चुकत नाही. पीक गेलं तरी सोसायटीचं कर्ज उभं असतं, तसंच हे.

पहिल्या टप्प्यात तर याहून वाईट होतं. मुंबईच्या परवान्याची फी वर्षाला ९.७५ कोटी, आणि दर वर्षी तिच्यात १५ टक्के वाढ. 'विन ९४.६' नावाचं स्टेशन काहींना आठवत असेल, ते त्या काळातच मिटलं. २००५ मध्ये सरकारने धोरण बदललं तेव्हा बाकीच्यांचा जीव वाचला.

एवढं ओझं डोक्यावर घेतलेला मालक काय करतो? खर्च कापतो. बोलणारा माणूस महाग असतो. बाहेर फिरून माहिती आणणारा त्याहून महाग. संगणकावर लावलेली तीन-चारशे गाण्यांची यादी सगळ्यात स्वस्त. म्हणून मालक बदलला की पहिला घाव बोलण्यावर पडतो आणि गाणी अजून सारखी-सारखी होतात. कुठली गाणी लावायची हेही फार मोठ्या मतदानाने ठरत नव्हतं. श्रोत्यांची मोजणी करणारी 'रॅम' नावाची पद्धत देशातल्या चार मोठ्या शहरांत चालायची. मुंबईत पाचशेच्या आसपास माणसं वहीत लिहून द्यायची, आज काय ऐकलं, किती वेळ ऐकलं. त्या वह्यांवर कोट्यवधींच्या जाहिराती फिरायच्या. दीड-दोन कोटींच्या महानगरात पाचशे वह्या! आपल्या तालुक्याच्या वाट्याला त्यातल्या किती येणार?

दुसरी बाजू जाहिरातदाराची. समजा नायगाव स्टेशनजवळ एखाद्याचं कापडाचं दुकान आहे. त्याला दिवाळीची जाहिरात द्यायची आहे. एफएमवर दिली तर ती कुलाब्यापासून विरारपर्यंत सगळीकडे ऐकू जाणार आणि दरही तेवढ्या सगळ्या मुंबईचा लागणार. कुलाब्याचा माणूस काही नायगावला साडी घ्यायला येणार नाही. म्हणून आपला दुकानदार बॅनर लावतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो, आमच्यासारख्या पोर्टलला दोन-चार पैसे देतो. एफएमवर बिल्डर, बँका, मोबाइल कंपन्या उरतात. ज्याचा पैसा त्याचं शहर. आपण लाटांच्या टप्प्यात आहोत, हिशेबाच्या टप्प्यात नाही.

कायदा आड येत नाही

एफएमवाल्यांना विचारलं तर एक ठरलेलं उत्तर मिळतं, आम्हाला बातम्या द्यायची परवानगी नाही. हे अर्धं खरं आहे. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. पण त्याच धोरणात, २०११ च्या, काही गोष्टी बातमी धरायच्या नाहीत असं स्पष्ट सांगितलं आहे. हवामान आणि रस्त्यावरची वाहतूक, सण-उत्सव, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी. आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना, म्हणजे वीज, पाणी, नैसर्गिक आपत्तीचे इशारे, आरोग्याचे इशारे. हे सगळं देता येतं. आजही देता येतं.

आपल्याला यापेक्षा वेगळं काय हवं आहे? नवरात्रात चंडिका देवीच्या डोंगराखाली गाड्यांची रांग लागते. हायवेवर वर्सोव्याच्या पुलापासून कोंडी झाली की बापाण्यापर्यंत माणूस अडकतो. पाणी कधी येणार, लाइट कधी येणार, खाडीला भरती किती वाजता. हे राजकारण नाही, याला बातमीचा परवाना लागत नाही. तरी दिवसभर रेडिओ चालू ठेवून बघा, अंधेरी, बीकेसी, दादर ही नावं ऐकू येतील. वसईचं नाव आलं तर बहुतेक लोकल उशिरा धावतेय म्हणून.

जुलै २०१८ चा पाऊस इथे कुणी विसरलेलं नाही. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी, गाड्या बंद, वसईच्या मिठागरात शेकडो माणसं अडकली, त्यांना बाहेर काढायला बोटी लागल्या. वीज उपकेंद्रात पाणी शिरल्यामुळे वसई-विरारचा मोठा भाग अंधारात गेला. मोबाइलची बॅटरी संपली आणि चार्ज करायला लाइट नाही, अशी ती वेळ होती. दोन पेन्सिल सेलवर चालणारा रेडिओ अशाच वेळेला कामाचा. पण रेडिओ चालू असून उपयोग काय, समोरच्या माणसाला राजावली कुठे आहे हेच माहीत नसेल तर?

शेतकरी म्हणून अजून एक सांगतो. दिवाळीच्या तोंडावर भात कापून शेतात पडलेलं असतं. परतीचा पाऊस दुपारी येणार की रात्री, एवढं कळलं तरी भारे उचलून झाकता येतात. त्या दोन तासांत आमच्या वर्षाचा हिशेब असतो. मागच्या खेपेला असंच कापलेलं भात पडलं होतं आणि एका स्टेशनवर कुठल्या नटीचं कुणाशी जमलं याची चर्चा अर्धा तास चालली होती. मनोरंजन वाईट नाही. पण शेजारच्या शेतातले आजोबा वैतागून म्हणाले ते इथे छापता येणार नाही.

सरकारी रेडिओचं तरी काय?

सगळा दोष कंपन्यांवर टाकून मोकळं होता येत नाही. मुळात आपल्या देशातलं नियमित प्रसारणच एका खाजगी कंपनीने सुरू केलं होतं, तेही मुंबईत. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन होते. रेडिओ संच ठेवायचा तर वर्षाला दहा रुपयांचं लायसन्स लागायचं. त्या काळात दहा रुपये ही मोठी रक्कम होती. लायसन्स घेणारे फार झाले नाहीत आणि तीन वर्षांच्या आत, मार्च १९३० मध्ये, कंपनी गुंडाळली गेली. एप्रिलपासून सरकारने प्रसारण हातात घेतलं. १९३६ मध्ये त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं.

सरकारकडे गेल्यावर तोट्याची भीती संपली, आणि त्यातून मराठी माणसाला पुष्कळ मिळालं. कामगारांसाठीचे कार्यक्रम, शेतीचे कार्यक्रम, 'आपली आवड', आणि नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी यांचं 'पुन्हा प्रपंच'. घरातल्या मोठ्यांना टेकाडे भावजी हे नाव विचारून बघा, चेहरा फुलतो. मुंबईची अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर ५५८ ला लागायची. मीडियम वेव्हचा फायदा असा की ती लांब जाते. एफएम सरळ रेषेत जातं, डोंगर आला की अडतं. म्हणून आपल्या नायगाव पट्टीत मुंबईचं एफएम स्वच्छ लागतं, पण जव्हार-मोखाड्याकडे जा, खरखर सुरू होते. तिकडच्या पाड्यांना मीडियम वेव्हच कामाची होती.

पण सरकारी रेडिओही आता हात आखडता घेतो आहे. जून २०२३ मध्ये प्रसार भारतीने पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरवलं होतं. पुण्यात ओरड झाली, नेत्यांनी दिल्लीला पत्रं लिहिली, तेव्हा कुठे तो निर्णय थांबला. पुण्याला आवाज आहे म्हणून थांबला. पालघरचा असा विभागच नाही, मग थांबवणार काय?

आता तुम्ही म्हणाल, रेडिओ संच आहे कुणाकडे, सगळं मोबाइलवर आहे. बरोबर. पण मोबाइलवरचा खरा एफएम आणि अ‍ॅपवरचा रेडिओ यात फरक आहे. खऱ्या एफएमला नेट लागत नाही, फोनमधली चिप हवेतून लाटा पकडते, फक्त वायरचा इअरफोन अँटेना म्हणून लावावा लागतो. अ‍ॅपला नेट लागतं, आणि टॉवर बंद पडला की अ‍ॅप मुकं होतं. बऱ्याच नव्या फोनमध्ये वायरच्या इअरफोनचं भोकच नसतं, काहींत चिप असूनही कंपनी ती चालू करत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या आयटी मंत्रालयाने फोन कंपन्यांना सूचना काढली की एफएमची सोय असेल तिथे ती बंद ठेवू नका, आपत्तीत तिचा उपयोग होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायनेही तीच शिफारस केली. नवीन फोन घेताना दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेल हे आपण विचारतो. एफएम चालतं का, हेही एकदा विचारा.

ट्रायच्या त्याच शिफारशींत अजून दोन गोष्टी आहेत. खाजगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी, आणि वार्षिक फी लिलावाच्या भावाशी न जोडता फक्त उत्पन्नाच्या ४ टक्के घ्यावी. दुसरी मान्य झाली तर मालकांचा भार हलका होईल. पण भार हलका झाल्यावर ते वसईसाठी बोलणारा माणूस ठेवतील, असं मला तरी वाटत नाही. त्यांचा परवाना मुंबईचा, बाजार मुंबईचा.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. महाराष्ट्रातली लातूर, नंदुरबार, मालेगाव, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ अशी नावं यादीत आहेत. मातृभाषेत स्थानिक कार्यक्रम वाढावेत हा हेतू सरकारने सांगितला. आपलं नाव त्यात नाही, कारण कागदावर आपण मुंबईच्या लाटांखाली झाकलेले आहोत. मुंबईजवळ असण्याचे फायदे पुष्कळ, हा त्यातला तोटा.

मग उरतो एक रस्ता, सामुदायिक रेडिओचा. ही कंपनीची मालमत्ता नसते, नफ्यासाठी चालवताच येत नाही. शाळा-कॉलेज, कृषी विज्ञान केंद्र, किंवा किमान तीन वर्षं काम केलेली नोंदणीकृत संस्था यांना परवाना मिळतो. लिलाव नाही. ताकद १०० वॅटपर्यंत, म्हणजे साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा टप्पा. जूचंद्रहून हिशेब धरला तर वसई, नायगाव, कामण, नालासोपारा एवढं येतं. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांनीच बनवायचे असा नियम आहे. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' ९०.४ वर २००८ पासून चालू आहे, दुष्काळी माण तालुक्यात, तिथल्याच बोलीत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचंही रेडिओ केंद्र आहे. आपल्या जिल्ह्यात कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, वसईत मोठी कॉलेजं आहेत, मच्छीमारांच्या आणि शेतकऱ्यांच्या संस्था आहेत. आगरी, वाडवळी, सामवेदी, वारली, एवढ्या बोली एका टापूत दुसरीकडे क्वचित सापडतील, आणि त्यांतली एकही मुंबईच्या एफएमच्या यादीत बसत नाही.

अडचणी आहेत. सामुदायिक रेडिओलाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. जाहिरातीला वेळेची मर्यादा आहे, २०२४ मध्ये ती तासाला सातवरून बारा मिनिटं केली. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपये होता, तो ७४ झाला. एवढ्यावर पगार निघत नाहीत, म्हणून मागे धड संस्था लागते, नाहीतर दोन वर्षांत कुलूप. मुंबईच्या इतक्या जवळ मोकळी फ्रिक्वेन्सी मिळवणं हेही सोपं नसणार. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर करायचा, आणि अनेक खात्यांची मंजुरी लागते.

ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत एक काम इथूनच करता येतं. स्थानिक प्रशासनाने दिलेले इशारे एफएमला लावता येतात हे वर आलंच आहे. पण प्रशासनाने ते दिले पाहिजेत ना? गेल्या पावसाळ्यात पालघरच्या जिल्हा आपत्ती कक्षाने आणि वसई-विरार महापालिकेने मुंबईच्या कुठल्या एफएम स्टेशनला, किती वेळा, काय मजकूर पाठवला, आणि तो कुणी वाजवला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं. जूचंद्र, बापाणे आणि चंद्रपाडा, तिन्ही ठिकाणांहून एकेक अर्ज गेला तर तीस रुपये.